पॉल साबातिये
पॉल साबातिये (५ नोव्हेंबर १८५४ – १४ ऑगस्ट १९४१) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. धातूंच्या सूक्ष्म भुकटीच्या साहाय्याने सेंद्रिय संयुगांचे हायड्रोजनीकरण करण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना १९१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासह विभागून मिळाले.

त्यांचा जन्म कार्कासॉन येथे झाला. १८८४ साली ते तुलूझ येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे पॅरिसहून बोलावणे आले, तरी त्यांनी तुलूझ सोडले नाही.

१८९७ साली साबातिये व त्यांचे सहकारी झाँ-बातिस्त सांदेरान्स यांनी तापवलेल्या निकेलच्या भुकटीवरून एथिलीन आणि हायड्रोजन वायू सोडले असता ईथेन तयार झाले. १९०१ साली बेंझिनपासून सायक्लोहेक्झेन मिळाले. निकेल स्वतः खर्ची पडत नसल्याने तीच भुकटी पुन्हा वापरता येई. मात्र गंधकाच्या लेशमात्र संसर्गानेही ती निकामी होई. धातूच्या पृष्ठभागावर अस्थिर संयुग तयार होऊन लगेच मोडते व धातू पुन्हा मोकळा होतो, असे स्पष्टीकरण साबातिये यांनी दिले.

त्यांची पद्धत बाष्परूप पदार्थांपुरती होती. द्रव तेलासाठी ती वापरण्याचे पेटंट १९०२ साली जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी घेतले. मराठवाड्यासह महाराष्ट्रभर डालडा या व्यापारी नावाने परिचित असलेले वनस्पती तूप याच प्रक्रियेचे फलित होय. अशा कारखान्यांत निकेलचे कण सच्छिद्र मातीवर बसवतात, त्यामुळे तेल गाळून उत्प्रेरक वेगळा काढणे सोपे जाते.

मूळ प्रयोगांत बरोबरीने राबलेले सांदेरान्स हे कॅथलिक धर्मगुरू होते. नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला नाही.