लंडनच्या रस्त्यावर ओळखलेला कंपवात

दरवर्षी ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन येतो आणि त्यासोबत एका दाढीवाल्या गृहस्थाचे छायाचित्र ठिकठिकाणी झळकते. ते छायाचित्र डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचे नव्हे. दुसऱ्याच कुणा जेम्स पार्किन्सनचे आहे. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ साली आणि हे पार्किन्सन त्यापूर्वी पंधरा वर्षे निवर्तले होते. वृत्तपत्राच्या मेजावर बसणाऱ्याला ही चूक जरा अधिकच बोचते. ज्यांचे नाव जगभरच्या असंख्य रुग्णांच्या कागदपत्रांवर रोज लिहिले जाते, त्यांचे एकही खात्रीचे चित्र उपलब्ध नाही.

जेम्स यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या शोर्डिच भागातील हॉक्स्टन स्क्वेअरमध्ये झाला. वडील जॉन हे औषधे तयार करून देणारे आणि शस्त्रक्रियाही करणारे त्या वस्तीतले वैद्य. जेम्स त्यांच्याच हाताखाली शिकले आणि १७८४ मध्ये वडील वारल्यावर तोच दवाखाना चालवू लागले. जवळच्या सेंट लेनर्ड चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथेच विवाह झाला आणि अखेर दफनही तिथेच. पुढच्याच वर्षी, १७८५ मध्ये, ख्यातनाम शल्यविशारद जॉन हंटर यांच्या व्याख्यानांना ते बसले आणि ती व्याख्याने लघुलिपीत टिपून घेतली. दुसऱ्याचे बोलणे नेमके टिपण्याची ही सवय पुढे लक्षात घेण्याजोगी आहे.

वृत्ती मात्र स्वस्थ बसणाऱ्याची नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या त्या धामधुमीत ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने त्यांनी गोरगरिबांच्या बाजूने आणि सरकारविरुद्ध पत्रके लिहिली. १७९४ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांना विषारी बाणाने मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत प्रिव्ही कौन्सिलपुढे त्यांची साक्ष झाली. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती होणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावरच त्यांनी तोंड उघडले. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. नंतर ते जीवाश्मांकडे वळले. प्राचीन जीवावशेषांवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८०४ ते १८११ या काळात प्रसिद्ध झाला आणि १८०७ मध्ये लंडनची भूविज्ञान संस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. हयातीत त्यांचा लौकिक झाला तो प्रामुख्याने या दगडांतल्या जीवांमुळेच.

ज्यामुळे ते अजरामर झाले, ते पुस्तक अवघ्या ६६ पानांचे. १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘अॅन एसे ऑन द शेकिंग पाल्सी’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आधार फक्त सहा माणसे, आणि त्यांतील तिघे तर रस्त्यात दिसलेले! दोघांना थांबवून विचारपूस केली. एकाला दुरूनच न्याहाळले. हात स्वस्थ असताना होणारा कंप, पुढे वाकलेले धड, चालता चालता पावले आपोआप धावू लागणे, हे सारे त्यांनी बारकाईने मांडले. बोलण्याकडेही त्यांचे लक्ष होते. रोग वाढला की शब्द जेमतेम कळतात, घास गिळणे कठीण होते आणि लाळ आवरत नाही, असे त्यांनी नोंदवले.

या लक्षणांवरून त्यांनी जे अनुमान काढले, तेच मला या निबंधातील सर्वांत धाडसी पाऊल वाटते. त्यांना एकाही रुग्णाचा मेंदू उघडून पाहता आला नव्हता. तरीही त्यांनी तर्क केला, की हातांपासून सुरू होणाऱ्या या रोगाचे मूळ मानेतल्या मज्जारज्जूत असावे; आणि पुढे जीभ व घसा निकामी होतात त्याअर्थी तो वर सरकत मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेपर्यंत जात असावा. बिघडलेली वाणी हा त्यांच्यासाठी मेंदूचा नकाशा होता. हा केवळ तर्क आहे, शवविच्छेदन करणाऱ्यांनी तो तपासावा, असेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले.

तपास व्हायला शतक उलटावे लागले. दरम्यान पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. हा काही खरा पक्षाघात नव्हे आणि प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असेही नाही, हे त्यांनी दाखवले. १९१९ मध्ये पॅरिसमध्येच त्रेत्याकोफ या संशोधकाने आपल्या प्रबंधात मध्यमेंदूतील काळसर पट्ट्याकडे, सबस्टॅन्शिया नायग्राकडे, बोट दाखवले. तिथल्या रंगीत पेशी नष्ट झालेल्या होत्या. म्हणजे पार्किन्सन यांचा पत्ता चुकला होता, पण फार दूरचा नव्हे. आणि २००३ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ब्राक यांनी बऱ्याच रुग्णांत मेंदूतील विकृती आधी लंबमज्जेतच दिसते आणि तिथून वर चढते, असा सिद्धांत मांडला. तो सर्वमान्य नाही, तरी जुन्या तर्काची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्या काळ्या पेशी डोपामिन तयार करतात. ते कमी पडले की मेंदूने मागितलेली हालचाल आकाराने लहान होते. पाऊल आखूड पडते, अक्षर बारीक होते आणि छाती, स्वरयंत्र, जीभ, ओठ यांच्याही हालचाली आक्रसतात. आवाज दबतो, त्यातील चढउतार जातात. पावलांसारखेच शब्दही कधी एकमेकांवर धावून येतात. रुग्णाला मात्र स्वतःचा आवाज पूर्वीसारखाच वाटतो. घरचेच हल्ली कमी ऐकू लागले, अशी त्याची समजूत होते. लेव्होडोपा या औषधाने हातपाय जितके मोकळे होतात, तितकी वाणी सहसा होत नाही. (हेच द्रव्य आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांत असते, भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये ते वेगळे काढले होते.) म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलण्याचा नेटाचा सराव वाचाउपचारतज्ज्ञ करून घेतात.

पार्किन्सन यांच्या सहाव्या रुग्णाला मध्येच झटका आला होता आणि उजवी बाजू लुळी पडली होती. ती लुळी होती तोवर तिथला कंप थांबला; शक्ती परतली तसा तोही परतला. ही नोंद केल्यानंतर सात वर्षांनी खुद्द पार्किन्सन यांना झटका आला. त्यात त्यांचे बोलणेच बाधित झाले आणि २१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचा अंत झाला. औषधांचे दुकान मुलाकडे, जॉनकडे गेले. हंटर यांच्या व्याख्यानांची वडिलांनी लघुलिपीत घेतलेली टिपणे याच मुलाने १८३३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.