जॉन जेकब

जॉन जेकब (जन्म : 11 जानेवारी 1812, वूलाव्हिंग्टन, सॉमरसेट, इंग्लंड, मृत्यू : 5 डिसेंबर 1858, जेकबाबाद, सिंध) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, सिंध सीमेचा प्रशासक आणि बंदूकशास्त्राचा प्रयोगशील अभ्यासक होता. सध्या पाकिस्तानात असलेले जेकबाबाद हे शहर त्याच्या नावाने ओळखले जाते. इतिहासग्रंथांत त्याची नोंद प्रामुख्याने घोडदळाचा सेनानी म्हणून होते. तथापि बंदुकीची गोळी व नळीचा अंतर्व्यास यांचा मेळ कसा घालावा, या एका प्रश्नावर त्याने आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली. हाच प्रश्न 1857 च्या उठावाच्या तात्कालिक कारणाशीही निगडित असल्याने जेकबच्या चरित्राचा हा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

बालपण व लष्करातील प्रवेश

जेकबचे वडील स्टीफन लाँग जेकब हे वूलाव्हिंग्टन येथे धर्मगुरू होते. प्रारंभीचे शिक्षण घरीच झाल्यावर जेकबने ॲडिसकोम्ब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेतले. वयाच्या सोळाव्या वाढदिवशी, म्हणजे 11 जानेवारी 1828 रोजी, त्याची मुंबई तोफखान्यात नेमणूक झाली. त्याच वर्षी तो भारतात आला आणि नंतर मायदेशी कधीही परतला नाही. तो अखेरपर्यंत अविवाहित राहिला.

त्याचा चुलतभाऊ जॉर्ज ल ग्रँड जेकब हाही मुंबई लष्करात अधिकारी होता. जुलै 1857 अखेर कोल्हापूर येथे 27 व्या पलटणीने उठाव केला, तेव्हा तो मोडून काढण्यासाठी ज्याला पाठवण्यात आले तो हाच. आडनावातील साम्यामुळे कोल्हापूरचा जेकब आणि सिंधचा जेकब यांची गल्लत होते, ती टाळावी.

शिलेदारी रिसाला

पहिल्या अफगाण युद्धासाठी निघालेल्या मुंबईच्या फौजेबरोबर जेकब 1838 मध्ये सिंधमध्ये गेला. 1839 मध्ये सिंधमधील हैदराबाद येथे (निजामाचे हैदराबाद नव्हे) सिंध इरेग्युलर हॉर्स हा रिसाला उभारण्यात आला होता. जेम्स ऊट्रमच्या शिफारशीने 1841–42 च्या सुमारास त्याचे नेतृत्व जेकबकडे आले. 17 फेब्रुवारी 1843 रोजी मियानीच्या लढाईत या रिसाल्याने भाग घेतला. त्या लढाईनंतर चार्ल्स नेपियरने सिंध खालसा केला. सिंधच्या अमीरांवर अन्याय झाला, असे ऊट्रमचे मत होते आणि पुढे उद्भवलेल्या वादात जेकबने ऊट्रमचीच बाजू घेतली. मात्र ज्या राज्यविस्ताराच्या पद्धतीवर त्याचा आक्षेप होता, त्याच राज्याची सीमा सांभाळण्यात त्याचे उर्वरित आयुष्य गेले, हेही नमूद केले पाहिजे.

हा रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. मराठी वाचकांना ही पद्धत अपरिचित नाही. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हा भेद मराठ्यांच्या लष्करात रूढ होता. शिलेदार हा शब्दच किंचित बदलून इंग्रजी लष्करी परिभाषेत गेला. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातही हीच पद्धत होती. त्या फौजेची एक छावणी हिंगोली येथे होती (हिंगोली 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होते). शिलेदारी पद्धतीत सरकारचा खर्च कमी होतो आणि स्वाराची प्रतिष्ठाही राहते, असे जेकबचे मत होते. 1846 मध्ये त्याने दुसरी रेजिमेंट उभारली. या दोन्ही रेजिमेंटांत मिळून युरोपीय अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

जेकबाबाद

1847 मध्ये जेकबने खानगढ या ओसाड ठाण्यावर आपला तळ हलवला. उत्तर सिंध सीमेचा राजकीय कारभारही त्याच्याकडे आला. लूटमार करणाऱ्या डोमकी, जखरानी आदी टोळ्यांना त्याने शेतीकडे वळवले, बेगारी कालवा रुंद करवला, रस्ते बांधले, झाडे लावली आणि परवानगीवाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. 1851 मध्ये खानगढाला जेकबाबाद हे नाव मिळाले. हे ठिकाण उपखंडातील अत्यंत उष्ण स्थळांपैकी एक असून उन्हाळ्यात तापमान 50 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जेकबच्या निवासस्थानी मोठी कार्यशाळा होती. तेथे त्याने स्वतःच्या हाताने एक गुंतागुंतीचे घड्याळ तयार केले होते. बंदुकीवरील प्रयोगही त्याने जेकबाबाद येथेच केले.

गोळी आणि नळी

जेकबच्या कार्याचे मर्म कळण्यासाठी त्या काळातील बंदुकीची थोडी माहिती आवश्यक आहे. तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या होत्या. तोंडाकडून दारू आणि मग शिशाची गोळी घालून गजाने ठासावी लागे. गोळी सहज आत जावी यासाठी ती नळीपेक्षा लहान ठेवीत. ब्राउन बेस या मस्केटच्या नळीचा अंतर्व्यास 0.75 इंच (सुमारे 19 मिमी) होता, तर गोळीचा व्यास सुमारे 0.69 इंच (17.5 मिमी). उरलेल्या दीड मिलिमीटरच्या फटीतून दारूचा वायू निसटे. गोळी नळीच्या भिंतींवर आदळत पुढे जाई आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यावर तिची दिशा अवलंबून राही. त्यामुळे शंभर याडांपलीकडे नेमबाजीचा भरवसा नसे. या फटीचे परिणाम बेंजामिन रॉबिन्स या इंग्लिश गणितज्ञाने 1742 च्या आपल्या ग्रंथात अभ्यासले होते. तोही पुढे कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि 1751 मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

‘बोअर’ हे मापही याच हिशेबातून आले आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोल गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते, ती बारा बोअरची नळी होय. म्हणून बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. ग्रामीण भागात बारा बोअरची बंदूक सर्वांना ठाऊक असते. त्या बाराचा अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो.

रायफलच्या नळीत सर्पिल खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि फिरणारी गोळी मार्ग सोडत नाही. परंतु त्यासाठी गोळीने खाचा घट्ट धरल्या पाहिजेत. गोळी लहान असल्यास ती खाचांवरून घसरते. ती मोठी असल्यास हातोडीने ठोकून आत घालावी लागते, ठोकताना तिचा आकार बिघडतो आणि भरण्यास वेळ लागतो. शिवाय गोळी अर्ध्यावर अडकून दारू व गोळी यांत पोकळी राहिली, तर बार उडताना नळी फुटण्याचा धोका असतो. काळ्या दारूची काजळी प्रत्येक बारानंतर नळीत साठते आणि नळी जणू अरुंद होत जाते. कोरड्या व उष्ण हवेत ही काजळी दगडासारखी कडक होते. सिंधसारख्या प्रदेशात सकाळी बसणारी गोळी दहा-बारा बारांनंतर बसेनाशी होई, ती याच कारणाने.

यावर युरोपात दोन प्रकारचे उपाय निघाले. पहिला उपाय असा की, गोळीलाच उंचवटे देऊन ते खाचांत बसवावेत. 1837 मध्ये इंग्रजी लष्कराने स्वीकारलेल्या ब्रन्सविक रायफलमध्ये दोन खाचा आणि पट्टा असलेली गोल गोळी होती. काजळी धरल्यावर ती भरणे अतिशय कठीण जाई. दुसरा उपाय 1849 मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याने प्रचारात आणला. त्याची लांबट गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे आणि तिचा तळ पोकळ असे. बार उडताच वायूच्या दाबाने तळ फुगून खाचांत रुतत असे.

जेकब रायफल

जेकबने पहिली वाट निवडली. त्याच्या रायफलमध्ये चार खोल खाचा होत्या आणि गोळी गोल नसून टोकदार व लांबट होती. गोळीच्या अंगावरचे चार उंचवटे त्या चार खाचांत तंतोतंत बसत. नळी 32 बोअरची, म्हणजे सुमारे 0.524 इंच (13.3 मिमी) अंतर्व्यासाची आणि 24 इंच (61 सेमी) लांबीची होती. तेवढ्या लांबीत खाचा चार पंचमांश फेरा घेत. शस्त्र दुनळी होते आणि त्यावर 2,000 याडांपर्यंतची (सुमारे 1,830 मीटर) मापे असलेला माशीचा पट्टा बसवलेला होता. बर्मिंगहॅमच्या स्विनबर्न या कारखान्याने या रायफली तयार केल्या. गोळीच्या टोकात स्फोटक भरलेली तांब्याची नळी बसवून शत्रूच्या तोफखान्याचे दारूचे पेटारे दुरूनच उडवून देण्याची पद्धतही जेकबने विकसित केली. उत्तम रायफलधारी शिपायांपुढे मैदानी तोफखाना टिकणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

कंपनी सरकारने हे शस्त्र स्वीकारण्यास दीर्घकाळ टाळाटाळ केली. राणीच्या फौजेला जी दोन खाचांची रायफल पुरते ती कंपनीच्या फौजेलाही पुरावी, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे कराची येथे अधिकाऱ्यांच्या समितीसमोर रायफलची चाचणी झाली आणि तिचा अहवाल अनुकूल आला. दूर पल्ल्याच्या बाबतीत जेकबचे म्हणणे योग्यच होते. अडचण निराळी होती. साध्या शिपायाला घाईगर्दीत गोळीचे उंचवटे खाचांशी जुळवून भरावे लागत. मिनिएच्या गोळीला असे काही जुळवावे लागत नसे, तिचा साचा सोपा होता आणि ती लाखोंनी तयार करता येई. जेकबने शस्त्राचा विचार उत्तम कारागिराच्या नजरेने केला. सर्वसामान्य पलटणीला काय पेलेल याचा विचार त्यात कमी पडला, असे म्हणावे लागते.

1857 आणि काडतुसाचा प्रश्न

इंग्रजी लष्कराने 1853 च्या एन्फिल्ड रायफलसाठी मिनिएच्या तत्त्वाचाच अवलंब केला. तिची नळी 0.577 इंच (14.66 मिमी) आणि गोळी सुमारे 0.568 इंच (14.43 मिमी) होती. म्हणजे फट पाव मिलिमीटरहूनही कमी होती, आणि गोळीभोवतीचा कागद तिच्याबरोबरच आत जाई. इतक्या घट्ट गोळीला वंगण अपरिहार्य होते. या वंगणात गाय व डुकराची चरबी असल्याच्या समजुतीने हिंदू व मुसलमान शिपायांत जो क्षोभ उसळला, तो सर्वज्ञात आहे. उठावाची कारणे अर्थातच त्याहून कितीतरी खोल होती. तरीही काडतुसाला चरबी का लागत होती, या प्रश्नाचे उत्तर गोळी आणि नळी यांच्या मापांत आहे, याची नोंद पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. भारतातील मोहिमेत एन्फिल्डची गोळी काजळीमुळे नळीत अडकते असा अनुभव आल्यावर 1859 मध्ये तिचा व्यास 0.55 इंच (13.97 मिमी) करण्यात आला.

बंगाल लष्करातील शिस्त पोकळ झाली आहे, असे जेकबने उठावापूर्वी अनेक वर्षे लिहिले होते आणि त्याबद्दल वरिष्ठांचा रोषही ओढवून घेतला होता. उठाव झाला तेव्हा तो इराणच्या मोहिमेत बुशायर येथे होता. मध्य हिंदुस्थानातील फौजेच्या नेतृत्वासाठी त्याचे नाव पुढे आले होते. पण तो वेळेत परतू शकला नाही आणि ती जबाबदारी सर ह्यू रोझकडे गेली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंशी लढलेला सेनानी तो हाच. जेकबचे लेख लुईस पेली याने संपादित करून 1858 मध्ये प्रसिद्ध केले.

मृत्यू व नंतरचा काळ

1858 मध्ये जेकबला आपल्या रायफलींनी सज्ज अशी पलटण उभारण्याची परवानगी मिळाली. ‘जेकब्स रायफल्स’ या नावाने ती उभी राहू लागली, परंतु त्याच वर्षी 5 डिसेंबर रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तापाने जेकबाबाद येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पश्चात या शस्त्राचा पुरस्कार करणारे कोणी उरले नाही. पुढे काही वर्षांतच मागून भरण्याच्या बंदुका प्रचारात आल्या आणि तोंडाकडून गोळी घालण्याचा सारा प्रश्नच निकाली निघाला. 400 ग्रॅमहून कमी वजनाच्या स्फोटक गोळ्यांवर 1868 च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने बंदी आणली. जेकबची स्फोटक गोळी याच प्रकारात मोडते.

जेकब्स रायफल्स ही पलटण पुढे मुंबई लष्कराची 30 वी पलटण झाली. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानातील मैवंद येथे तिची मोठी हानी झाली. फाळणीनंतर तिची परंपरा पाकिस्तानच्या बलूच रेजिमेंटकडे गेली, तर घोडदळाची परंपरा भारतीय सेनेतील सिंध हॉर्सकडे आली.

मूळ जेकब रायफली आज संग्राहकांकडे व संग्रहालयांत आढळतात. अशी एखादी रायफल चालवू इच्छिणाऱ्या जाणकारांना प्रथम नरम शिशाचा तुकडा नळीतून ठोकून बाहेर काढावा लागतो आणि त्यावर उमटलेल्या खाचा व उंचवटे सूक्ष्ममापीने मोजावे लागतात. कारण हातघडणीच्या या नळ्यांवरील नाममात्र आकडा आणि प्रत्यक्ष माप यांत फरक असतो. चार उंचवट्यांच्या गोळीचा साचा त्यानंतरच त्या विशिष्ट नळीबरहुकूम तयार केला जातो. जेकबची कबर जेकबाबाद येथे असून स्थानिक लोक तिच्यावर दिवे लावीत असत.