तंजावरचे सरफोजीराजे आणि त्यांचा धन्वंतरी महाल

तंजावरच्या भोसले घराण्याचा विचार मनात आला की बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर, तेथील संगीत आणि नृत्य यांचे स्मरण प्रथम होते. या घराण्यातील सर्वांत विद्याव्यासंगी पुरुष, सरफोजीराजे दुसरे, यांची कीर्ती मात्र आणखी एका गोष्टीवर उभी आहे. ज्याच्या हातून राज्य गेले त्याने आपला वाडा रुग्णांसाठी आणि ग्रंथांसाठी खुला केला, ही ती गोष्ट होय.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका दूरच्या शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांची मुले त्यांच्या हयातीतच निवर्तली होती. आजाराने खंगलेल्या तुळजाजींनी १७८७ मध्ये या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी देह ठेवला. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाचा सांभाळ एका परक्या माणसावर सोपवू पाहिला. हे होते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. प्रशियात १७२६ साली जन्मलेले हे जर्मन धर्मोपदेशक १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले आणि पुढे आयुष्यभर तमिळ प्रदेशातच राहिले. तमिळ तर त्यांना येतच होती. दरबारासाठी ते मराठीही शिकले. हैदरअलीसारख्या कंपनीच्या वैऱ्यानेही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

दत्तविधान झाले खरे, पण गादी मिळाली नाही. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकाच्या वैधतेस हरकत घेतली, पंडितांनी ते अशास्त्रीय ठरवले आणि कंपनी सरकारने अमरसिंहांना राजा केले. पुढची काही वर्षे सरफोजींसाठी बंदिवासाचीच होती. मुलाला धड उजेड नाही, शिक्षण नाही, अशी स्थिती पाहून श्वार्ट्झ मद्रासच्या अधिकाऱ्यांकडे सतत दाद मागत राहिले. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. भाषा, गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांची गोडी त्यांना याच काळात लागली. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. धर्मोपदेशकांच्या हातून वाढूनही सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही, आणि श्वार्ट्झ यांनीही त्यासाठी आपला स्नेह कमी केला नाही.

दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार होऊन पंडितांचा पूर्वीचा निर्णय फिरला आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. हा दिवस श्वार्ट्झ यांना दिसला नाही. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीस त्यांचे तंजावरात निधन झाले होते. पुढे राजांनी इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून उभा असलेला राजा त्यात कोरलेला आहे. गुरूवर राजांनी इंग्रजीत कविताही रचली.

गादीचा आनंद फार काळ टिकला नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये तंजावरचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा परिसर, वर्षाला एक लाख होन, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस वर्षांचे. अशा नामधारी राजांनी उरलेले आयुष्य शिकार, मेजवान्या आणि तक्रारअर्ज यांत घालवल्याची उदाहरणे हिंदुस्थानात कमी नाहीत. सरफोजींनाही शिकारीची आवड होतीच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत.

तहानंतर लगेच त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो छत्रांचा होता. काशीहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसल्यांनी, विशेषतः राजस्त्रियांनी, वाटेवर छत्रे बांधली होती. ती कंपनीच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले. छत्रांत सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांवर उपचार होतात, विषबाधेवर व सूज-व्याधींवर इलाज करणारे वैद्य तेथे असतात, बाळंतिणींची काळजी घेतली जाते, पोरक्या मुलांना शिकवले जाते आणि वाटेत मरण पावलेल्यांचे अंत्यसंस्कारही केले जातात, असा तपशील त्यांनी त्यात दिला. राज्य गमावलेल्या तरुणाने राखून ठेवण्यासाठी काय मागितले, हे या पत्रातून जितके कळते तितके कोणत्याही प्रशस्तीतून कळत नाही. पुढे मुक्तांबाळ या आपल्या प्रिय सहचरीच्या नावे त्यांनी ओरत्तनाडू येथे छत्र उभारले. त्यातही पाठशाळा आणि औषधोपचाराची सोय होती.

वाड्यातील धन्वंतरी महाल हे याच वृत्तीचे विस्तारलेले रूप होते. तेथे माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे तयार होत. आयुर्वेद, तमिळ सिद्ध परंपरा, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. अनुभवास आलेले उपाय तमिळ पद्यांत बांधून घेतले गेले. शरभेंद्र हे राजांचे नाव धारण करणारे ते ग्रंथ ज्वर, नेत्ररोग, मधुमेह, श्वास-कास, उदरशूल अशा व्याधींनुसार रचलेले आहेत. पद्य यासाठी की वैद्याला ते मुखोद्गत राहावे. शरीररचनेचा अभ्यास करायचा तर सांगाडा हवा, पण माणसाच्या अस्थी घरात ठेवणे धर्माला मानवेना. तेव्हा राजांनी विलायतेहून हस्तिदंती सांगाडा मागवला! श्रद्धा आणि जिज्ञासा यांपैकी एकीलाही त्यांनी दुसरीसाठी दुखावले नाही.

या कामाला जर्मन संगतीचे पाठबळ होते. तरंगंबाडीच्या मिशनला जर्मनीतील हाले येथून औषधे येत. लिनियसचे शिष्य असलेले जर्मन वैद्य योहान ग्येरहार्ड क्योनिग १७६८ पासून तेथे होते आणि दक्षिणेतील वनस्पतींचा अभ्यास त्यांनीच मार्गी लावला. सरफोजींच्या काळात त्याच परंपरेतील धर्मोपदेशक जॉन आणि रोटलर वनस्पती, शिंपले व कीटक यांचे संग्रह करीत होते. परदेशी विद्वानांशी राजांचा ग्रंथांचा आणि नमुन्यांचा व्यवहार चाले. बिशप हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले तेव्हा लव्हाझिये, लिनियस, ब्यूफाँ यांच्याविषयी सहज बोलणारा हा हिंदू राजा पाहून ते चकित झाले.

धन्वंतरी महालाच्या कामात सर्वांत मोलाच्या ठरतात त्या नेत्ररुग्णांच्या नोंदी. चाळीसहून अधिक रुग्णांची हकीकत, डोळ्याची स्थिती, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम असे त्यांचे स्वरूप आहे. सोबत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्याहून अधिक अभिमान या कागदांचा वाटायला हवा. औषध देणारे राजे पुष्कळ झाले. औषधाने काय झाले ते लिहून ठेवणारे विरळा. ही शिस्त त्या काळी युरोपातही नवीच होती. त्यानंतर चार दशकांनी लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध केला. ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हा विचार त्यातून वैद्यकात रुजला. शरभेंद्र-ग्रंथांत मात्र ज्वर अजून स्वतंत्र व्याधी म्हणूनच येतो. ते कालमानाने स्वाभाविक होते; पण एकेका रुग्णाची दखल लेखणीने घेण्याची रीत दोन्ही ठिकाणी एकच दिसते.

मराठी वाचकांवर सरफोजींचे आणखी एक ऋण आहे. १८०५ च्या सुमारास त्यांनी वाड्यात देवनागरी छापखाना काढला. दक्षिणेत देवनागरीचा हा पहिलाच. त्यातून १८०६ मध्ये बालबोध मुक्तावली हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. पुण्यात तेव्हा पेशवाई नांदत होती आणि तिथे मुलांच्या हाती छापील पुस्तक यायला बराच अवकाश होता. जगाचा भूगोल मुलांना गाण्यांतून समजावा अशी देवेंद्र कुरवंजी ही मराठी रचनाही त्यांचीच. तिच्यात देवांच्या सभेतील भविष्य सांगणारी कुरवंजी खंडे, देश आणि समुद्र सांगत सुटते! शाळांचा पसाराही त्यांनी मोठा मांडला, आणि भोसले कुळाचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतला.

सरस्वती महाल ग्रंथालयाचा पाया नायक राजांच्या काळचा, पण त्याला आजचे रूप दिले ते सरफोजींनी. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. त्या यात्रेतूनही त्यांनी हस्तलिखिते जमवून आणली. युरोपीय भाषांतील हजारो पुस्तके त्यांनी विकत घेतली आणि त्यांतील कित्येकांवर स्वतःची इंग्रजी सही केली. वैद्यकाच्या पुस्तकांना या संग्रहात मोठे स्थान आहे.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने उरलेसुरले राज्य खालसा करून वाड्यातील संपत्तीही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मद्रासमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ग्रंथसंग्रह मात्र वाचला. आर्थर बर्नेल यांनी त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली आणि १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. मोडीतील दप्तरांच्या गठ्ठ्यांशेजारी नेत्ररुग्णांची ती चित्रे तेथे जपून ठेवली आहेत.