डॉ. वाल्डेमार हाफकिन : पटकी आणि प्लेगशी झुंजलेला शास्त्रज्ञ



सूक्ष्मजीव आणि संसर्गजन्य रोग शिकवताना आपण मुलांना जेन्नर, पाश्चर, कॉख ही नावं सांगतो. पण आपल्याच मुंबईत बसून ज्याने जगातली पहिली प्लेगची लस तयार केली, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादी ओळच येते. पोलिओच्या थेंबांमुळे 'हाफकिन' हे नाव घराघरात पोहोचलं, तरी हाफकिन ही एक हाडामांसाची व्यक्ती होती हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून आज त्यांची माहिती घेऊ या. वर्गात सांगायला सोपी जावी म्हणून लेखाचे भाग पाडले आहेत.

बालपण आणि शिक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेच्निकोव्ह हे शिक्षक लाभले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे शोधून काढणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच मेच्निकोव्ह. दह्यातले जीवाणू आतड्याला उपकारक असतात, हा विचारही त्यांनीच मांडला. आपल्या घरात ताक-दही रोजचंच असल्यामुळे मुलांना हे लगेच पटतं!

विद्यार्थीदशेत हाफकिन पॅरामेशियम, युग्लिना यांसारख्या एकपेशीय जीवांचा अभ्यास करत. त्या काळात ज्यू वस्त्यांवर जमावाचे हल्ले होत. १८८१ मध्ये ओडेसात असा हल्ला झाला, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले आणि वर अटकही त्यांनाच झाली. मेच्निकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटका झाली. पुढे धर्म बदलला तर विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. जागा गेली, आणि १८८८ मध्ये त्यांनी देशही सोडला.

ग्रंथालयातून प्रयोगशाळेत

जिनिव्हामार्गे हाफकिन १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. मेच्निकोव्ह तिथे आधीच पोहोचले होते. पण जागा रिकामी होती ती ग्रंथालयात. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने ती निमूटपणे स्वीकारली. पुस्तकांचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असा दिनक्रम सुरू झाला.

त्यांनी विषय निवडला कॉलऱ्याचा. आपल्याकडे या रोगाला पटकी म्हणतात. गावोगावच्या वेशीबाहेर मरीआईची ठाणी दिसतात, त्यांचा संबंध याच रोगाच्या भीतीशी आहे. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत जाई. रोगजंतू दूषित पाण्यातून लहान आतड्यात पोहोचतात आणि तिथे विष सोडतात. मग शरीरातले पाणी आणि क्षार जुलाबावाटे भराभर बाहेर पडतात. रोगी मरतो तो पाणी संपल्यामुळे. स्वल्पविरामासारखा दिसणारा हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्त्यात अभ्यासून जगापुढे आणला होता. पण त्यावर सर्वमान्य लस अजून नव्हती.

हाफकिन यांनी गिनीपिगच्या शरीरात हा जंतू पुन्हा पुन्हा वाढवून अधिक तीव्र केला. दुसरीकडे जास्त तापमानात, हवेचा झोत देत वाढवून त्याचाच एक दुबळा प्रकारही तयार केला. आधी दुबळ्या जंतूची आणि काही दिवसांनी तीव्र जंतूची अशा दोन सुया टोचायच्या, ही पद्धत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते सुखरूप राहिले.

भारतात आगमन

स्वतःवरचा प्रयोग ही फक्त सुरुवात होती. लस रोग थांबवते की नाही, हे जिथे कॉलरा आहे तिथेच कळणार होतं. म्हणून मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. लोकांचा विश्वास नव्हता. हा परका माणूस अंगात काय टोचतोय, अशी शंका साहजिकच होती. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, म्हणून सरकारी वैद्यक खात्यातल्या काहींनाही ते खुपत होते.

हाफकिन यांनी सक्ती केली नाही. ते वस्त्यांमध्ये, चहाच्या मळ्यांत, छावण्यांत गेले आणि जे तयार होतील त्यांनाच टोचत राहिले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा पसरला, तेव्हा सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेले होते. बातमी वस्तीवस्तीत पोहोचली. सुमारे अडीच वर्षांत त्यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. या धावपळीत त्यांना मलेरियाने गाठलं आणि १८९५ मध्ये विश्रांतीसाठी परत जावं लागलं. बरं वाटताच ते पुन्हा भारतात हजर झाले.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. आधी घरात उंदीर मरून पडायचे, मग माणसांना काखेत-जांघेत गाठी यायच्या. लोक घरंदारं सोडून पळू लागले. ७ ऑक्टोबरला हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला.

तिथे तीन महिने अहोरात्र काम चाललं. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी त्यांनी पोषक द्रवावर चक्क आपल्या साजूक तुपाचे थेंब सोडले! तुपाच्या तरंगत्या थेंबांना धरून जंतूंचे तंतू खाली लोंबत वाढायचे. बाटली हलवली की ते तळाशी जायचे आणि वर नवे वाढायचे. मग उष्णता देऊन सगळे जंतू मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात, हे या लसीचं तत्त्व. कामाच्या ताणाने एका सहायकाची प्रकृती ढासळली, आणखी दोघे सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली, तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या जवळपास निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, पण मृत्यू एकही नाही. पुढे आगाखान यांनी स्वतः लोकांदेखत लस टोचून घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा दिली, आणि त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले.

इथे तारखांकडे मुलांचं लक्ष जरूर वेधावं. लस तयार झाल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. त्याच वर्षी पुण्यात सैनिकांकडून घरझडती आणि सक्ती झाली, असंतोष पेटला आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. एकाच रोगाशी लढण्याच्या या तीन वेगवेगळ्या कहाण्या आहेत. सेवेने माणसं जवळ येतात, सक्तीने दुरावतात, आणि लसीला विश्वासाची जोड लागते.

खोटा डाग

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लाखो मात्रा तयार होऊ लागल्या. आणि ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी अनर्थ घडला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी लस घेतलेल्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती.

दोष परळच्या प्रयोगशाळेचा, म्हणजे हाफकिन यांचा, असं ठरवून सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. चौकशीत मात्र वेगळंच पुढे आलं होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण वर्गात शिकवतोच. शिवाय तीच बाटली आधीपासून दूषित असती तर तिला दुर्गंध आला असता, आणि उघडताना तसा वास नव्हता. तरीही हाफकिन यांना न्यायासाठी पाच वर्षं झगडावं लागलं. मलेरियावरील शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. त्यानंतर सरकारने त्यांना दोषमुक्त केलं.

ते भारतात परतले, पण परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. कलकत्त्यात मर्यादित काम करून ते वयाच्या ५५ व्या वर्षी निवृत्त झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव दिलं गेलं, ही बातमी त्यांना हयातीतच कळली हे त्यातल्या त्यात समाधान. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढलं.

आजच्या वर्गासाठी

आपल्या वाळूजमध्ये एमआयडीसीमुळे ठिकठिकाणची कुटुंबं राहायला येतात. मुलाचा जन्म एका जिल्ह्यात, पहिल्या लसी दुसरीकडे आणि शाळा इथे. या फिरतीत एखादा डोस राहून जाऊ शकतो. पालकसभेत लसीकरणाचं कार्ड सोबत आणायला सांगितलं, तर राहिलेला डोस लक्षात येतो. लस दिल्यावर बाळाला ताप का येतो, असं पालक विचारतात. तेव्हा हाफकिन यांनाही ताप आला होता, हे सांगावं. शरीर तयारीला लागल्याची ती बहुधा खूण असते. ताप जास्त असला किंवा उतरत नसला तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही सांगावं.

आणि लस असली तरी पाण्याकडे दुर्लक्ष नको. हाफकिन यांची कॉलऱ्याची लस कायमचं संरक्षण देत नव्हती. पटकीला खरा आळा बसला तो स्वच्छ पाणी, संडास आणि पुढे मीठ-साखर-पाण्याच्या जलसंजीवनीमुळे. टँकरचं पाणी असो की बोअरचं, ते झाकून ठेवणं, उकळून पिणं आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं हा धडा जुना होत नाही.

विद्यार्थ्यांना विचारायचे प्रश्न

१. तुरुंगातले कैदी एकाच इमारतीत राहत आणि एकच अन्न खात. तुलना करण्यासाठी याचा काय उपयोग झाला?
२. सर्वच कैद्यांना लस दिली असती, तर ती उपयोगी आहे हे कसं कळलं असतं?
३. मलकोवालमध्ये एकाच बाटलीतली लस घेतलेले लोक आजारी पडले. यावरून शोध कुठे घ्यायला हवा होता?
४. लोकांचा विश्वास मिळवण्यासाठी हाफकिन यांनी काय काय केलं? आपल्या गल्लीत लसीकरणाबद्दल सांगायचं झालं, तर तुम्ही काय कराल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मुलांना घरी मोठ्यांशी बोलून लिहून आणायला सांगा. आजी-आजोबांकडून पटकीच्या, देवी काढण्याच्या आठवणी मिळाल्या तर त्या वहीत जरूर उतरवून घ्या.