ज्ञानदानंदिनी देवी

सन १८६४ मधील गोष्ट. कलकत्त्यास जोडासांको येथील ठाकुरांच्या वाड्यात एका दूरच्या प्रवासाची तयारी चालली होती. महर्षी देवेंद्रनाथांचे पुत्र सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली होती आणि पत्नीला बरोबर नेण्याचा त्यांचा निश्चय होता. ज्ञानदानंदिनींचे वय तेव्हा अवघे १४ वर्षांचे होते.

परंतु प्रवासात त्यांनी नेसावे काय? बंगालमधील कुलीन स्त्रिया त्या काळी अंगाभोवती केवळ एक साडी गुंडाळीत. आत ना चोळी, ना परकर. अंतःपुराबाहेर पाऊलच टाकावयाचे नाही, तेथे याहून अधिक वस्त्रांची गरज कोणास भासणार? अखेर एका फ्रेंच दुकानातून त्यांच्यासाठी एक निराळाच पोशाख शिवून आणला. तो इतका अवघड निघाला, की पतीच्या साहाय्यावाचून अंगात चढेना! सुनेने दारातून उघडपणे गाडीत बसावे, हेही वडीलधाऱ्यांस रुचले नाही. बोटीपर्यंत त्या मेण्यातूनच गेल्या.

मुंबईस माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी त्या काही महिने राहिल्या. तेथील स्त्रियांची नीटनेटकी नेसण त्यांच्या मनात भरली. मात्र ती त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. पारशी स्त्रिया पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेत; ज्ञानदानंदिनींनी तो डाव्या खांद्यावर टाकला व उजवा हात मोकळा ठेविला. आत परकर आणि पोलके आले. आपल्या नऊवारीसारखा कासोटा या नेसणीत नव्हता.

सन १८६६ मध्ये त्या कलकत्त्यास परतल्या, त्या वाड्याच्या दाराशी गाडीतूनच उतरल्या. घरात जणू सुतकच पडले! पुढे त्या व्हाइसरॉयच्या मेजवानीस गेल्या, तेव्हा ठाकूर कुळातील एक वृद्ध आप्त संतापाने तेथून निघून गेले. घरातील काही स्त्रियांनी त्यांच्याशी वागणे-बोलणे कमी केले. हा दुरावा त्यांना निश्चितच जाचला असेल. पण नेसण त्यांनी बदलली नाही. उलट ती शिकविण्याची आपली तयारी असल्याचे त्यांनी मासिकातून जाहीर केले आणि ब्राह्म कुटुंबांतील अनेक स्त्रिया त्यांच्याकडे शिकण्यास येऊ लागल्या.

सन १८७७ मध्ये पती बरोबर नसताना मुलांना घेऊन त्या इंग्लंडलाही जाऊन आल्या. सन १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंगालमध्ये लोक या नेसणीला ठाकुरवाड्याची साडी म्हणू लागले. प्रत्यक्ष त्या वाड्यात मात्र तिचे नाव होते ‘बोंबाई दस्तूर’, म्हणजे मुंबईची रीत.