डाळीचे मोल मोजणाऱ्या कमलाबाई

कुंभारीतील बहुतेक घरांत रोजच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि तुरीची आमटी असते. पाहुणे आले तर दालचा शिजतो. विडी वळून पोट भरणाऱ्या कुटुंबांना रोज गोश्त परवडत नाही. डाळ मात्र चुकत नाही. डाळीत प्रथिने असतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. उर्दूत आपण त्यांना लहमियात म्हणतो. प्रथिनांमुळे शरीराची वाढ होते आणि झीज भरून निघते. पण डाळीत ती किती आहेत आणि त्यांपैकी अंगी किती लागतात, हे कोणी व कसे शोधून काढले? हा शोध घेणाऱ्यांमध्ये एका मराठी स्त्रीचे नाव फार मोठे आहे. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. माहेरचे नाव कमला भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत दोघांचे शिक्षण झाले होते. मराठीच्या नामवंत लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. एका बहिणीने लोककथा आणि लोकसाहित्य अभ्यासले, तर दुसरीने लोकांचे अन्न!

1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या. वडील व काका शिकले त्याच संस्थेत संशोधन करावे, असे त्यांनी ठरवले. त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन संस्थेचे संचालक होते. भारताला नोबेल पारितोषिक मिळवून देणारा हा थोर शास्त्रज्ञ. पण त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्ज करणारी मुलगी होती, एवढेच कारण होते.

कमलाबाई बंगळूरला गेल्या. आपल्याला प्रवेश का नाही, याचे उत्तर त्यांनी रामन यांना समोरासमोर विचारले. सत्याग्रहाचा तो काळ होता. त्याही सत्याग्रह करायला सिद्ध झाल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घातल्या. पहिल्या वर्षी त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, अगदी रात्रीसुद्धा, काम करावे लागणार होते. संस्थेतील पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष त्यांच्यामुळे विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. तो अपमान मात्र त्या कधीच विसरल्या नाहीत. म्हातारपणी सुद्धा त्या हे बोलून दाखवत. रामन यांच्या मोठेपणाबद्दल मला आदर आहे, पण इथे त्यांची चूक झाली, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बंगळूरला श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते शिस्तीचे कडक होते, परंतु शिकवणे मनापासून असे. त्यांच्या हाताखाली कमलाबाई दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने तपासू लागल्या.

हे काम समजून घेण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहू. डाळीतील प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत आणि तराजूत वेगळी तोलताही येत नाहीत. पण प्रत्येक प्रथिनात नायट्रोजन असतो. म्हणून डाळीचे पीठ तीव्र गंधकाम्लात उकळतात. त्यामुळे नायट्रोजनचा अमोनिया बनवता येतो, आणि अमोनिया मोजता येतो. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणून नायट्रोजनच्या वजनाला 6.25 ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. या हिशेबाने 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने भरतात. ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम.

पण या हिशेबात एक फसगत आहे. कडधान्यांतील सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. काही नायट्रोजन इतर लहानसहान पदार्थांतही असतो. सगळाच प्रथिनांच्या खात्यात जमा केला, तर डाळ आहे त्यापेक्षा सकस वाटेल. दुकानदाराने पिशवीच्या वजनासकट धान्य तोलावे, तसा हा प्रकार! कमलाबाईंनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनावर त्यांनी व श्रीनिवासय्यांनी केलेले काम 1935 साली इंग्लंडच्या एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. ज्या देशात कोट्यवधी माणसे डाळीवरच जगतात, तिथे असा खरा हिशेब फार मोलाचा होता.

वर्षभराने रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना रीतसर विद्यार्थिनी म्हणून घेतले गेले आणि 1936 साली त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली. पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

यानंतर कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे होते. डेरेक रिश्टर आणि रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी आढळले. हे लोहयुक्त प्रथिन आहे. पेशी ऑक्सिजन वापरून शक्ती मिळवते, त्या कामात ते मदत करते. प्राण्यांत ते असते हे आधी ठाऊक होते. बटाट्यासारख्या मुक्या कंदातही तेच यंत्र चालते, ही गोष्ट नवी होती. केंब्रिजला आल्यापासून अवघ्या 14 महिन्यांत त्यांनी प्रबंध सादर केला. त्याची पाने होती फक्त 40. 1939 साली त्या पीएच.डी. झाल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

पुढे या सायटोक्रोम-सीने शास्त्रज्ञांना बरेच काही शिकवले. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी असते. माणसाच्या सायटोक्रोम-सीच्या साखळीत 104 कड्या आहेत. चिंपांझीची साखळी अगदी तशीच आहे. इतर प्राण्यांत काही कड्या वेगळ्या असतात. किती कड्या वेगळ्या आहेत, हे मोजून कोणता जीव कोणाचा जवळचा नातलग, हे ठरवता येते. आज प्रथिनांचे तुकडे करून त्यांची वजने यंत्राने काढतात आणि त्यावरून रोगांची लक्षणेही शोधतात. कमलाबाईंच्या काळी यातले काही नव्हते. काचेची नळी, ज्योत आणि तीक्ष्ण नजर, एवढ्यावर काम चाले.

1939 साली कमलाबाई मायदेशी परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला. मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या.

येथेही त्यांचा विषय गरिबांचे अन्न हाच राहिला. कच्च्या कडधान्यांत एक खोडकर पदार्थ असतो. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचा रस प्रथिने पचवतो. हा पदार्थ त्या रसालाच अडवतो. त्यामुळे प्रथिने असूनही अंगी लागत नाहीत. वालासारख्या शेंगांतून हा पदार्थ स्फटिकांच्या रूपात वेगळा करण्याचे काम कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत झाले. 1955 साली ते प्रसिद्ध झाले. शिजवल्यावर या पदार्थाचा जोर बराच कमी होतो. आपल्या अम्मी आणि नानी कडधान्य रात्रभर भिजवतात आणि मग मऊ शिजवतात, त्यामागचे कारण असे प्रयोगशाळेत सापडले.

ताडामाडाच्या नीरेचीही त्यांनी परीक्षा केली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी हे काम सुचवले होते. नीरेत जीवनसत्त्वे व लोह आहे आणि अर्धपोटी राहणाऱ्या आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो, असे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाच्याही त्या सल्लागार होत्या.

विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना काही वर्षे उशिरा मिळाले. स्त्री असल्यामुळेच हा उशीर झाला, असे म्हणतात. बंगळूरची ती अट अजून पुरती गेली नव्हती!

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत शिरल्या. मुंबईच्या ग्राहक संघटनेच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी लेख लिहिले. 1982-83 साली त्या संघटनेच्या अध्यक्षही झाल्या. आहारावर त्यांनी मराठीत 'आहार-गाथा' हे पुस्तक लिहिले. ज्यांनी प्रयोगशाळा कधी पाहिली नाही, अशा गृहिणींसाठी ते होते.

1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा गौरव समारंभ योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.