गृहतापसी सम्राज्ञी नागनिका

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरच्या वाटेने निघावे, चावंडचा किल्ला मागे टाकावा, जीवधनचा कडा जवळ यावा आणि पठार जेथे एकाएकी संपते तेथे पायाखाली सारे कोकण उघडावे, असे नाणेघाटाचे स्थान आहे. आंबेगावचा आहुपे घाट, जुन्नरचा दाऱ्या घाट आणि नाणेघाट अशा वाटांनी देश व कोकण पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले राहिले. त्यांत नाणेघाटाचा मान सर्वांत मोठा. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच खिंडीने वर चढे, जुन्नरच्या पेठेत विसावे आणि पुढे सातवाहनांच्या राजधानीस, प्रतिष्ठानास म्हणजेच पैठणास जाई. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण माथ्यावर आजही उभा आहे. खिंडीत थोडे खाली उतरले की कातळात खोदलेले एक प्रशस्त दालन लागते. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या भूमीत वावरलेल्या सम्राज्ञी नागनिकेचे चरित्र मुख्यत्वे या दोन भिंतींवरूनच उमगते.

नागनिका, किंवा लेखातील प्राकृत रूपाप्रमाणे नायनिका, ही एका महारठी सरदाराची कन्या. महारठी ही त्या काळची मोठ्या अधिकाराची पदवी होती. पैठणचे सातवाहन आपले राज्य वाढवीत होते, तेव्हा अशा स्थानिक बलाढ्य घराण्यांशी सोयरीक जोडणे त्यांना आवश्यक वाटले असले पाहिजे. सातवाहन कुळातील सातकर्णी राजाशी तिचा विवाह झाला. हा सातकर्णी साधा मांडलिक नव्हता. लेख त्याला दक्षिणापथाचा स्वामी म्हणतो. कलिंगचा जैन सम्राट खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात ज्या सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठविल्याचा उल्लेख आहे, तो हाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. नवकार मंत्राच्या प्रारंभिक पदांनी सुरू होणारा खारवेलाचा लेख जैन समाजाला परिचित आहे; त्याच सुमाराचा नाणेघाटचा लेख मात्र आपल्या दाराशी असूनही तितकासा परिचित नाही. विशेष म्हणजे एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी या एकाच विद्वानाने या दोन्ही लेखांच्या वाचनासाठी परिश्रम घेतले.

पुढे सातकर्णी निवर्तला. कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने, याची नोंद नाही. पदरी वेदिश्री व शक्तिश्री हे पुत्र होते, आणि अभ्यासकांच्या मते ते राज्यकारभार हाती घेण्याच्या वयाचे नव्हते. विस्तारलेले राज्य, बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर डोळा ठेवून असलेले शेजारी आणि अल्पवयीन वारस, अशी ती परिस्थिती होती. नागनिकेने पुत्राच्या नावे राज्याचा भार स्वतः उचलला, असे डॉ. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी या लेखाच्या आधारे मांडले आहे. भारताच्या ज्ञात इतिहासात पतीच्या निधनानंतर राज्य सांभाळणाऱ्या ज्या अगदी प्रारंभीच्या स्त्रिया आढळतात, त्यांत तिची गणना होते.

एवढा मोठा आघात झालेल्या या स्त्रीने आपल्याविषयी काय कोरून ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. वैधव्याचा उच्चार त्या लेखात कोठेही थेट येत नाही. विलाप तर नाहीच. उपलब्ध अक्षरांतून दिसते ती आपल्या व्रतांनी ओळखली जाणारी राणी. महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहूनही तापसीप्रमाणे जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रते व यज्ञ यांत निष्णात, अशी तिची ओळख तेथे दिली आहे. याच विशेषणांवरून लेख कोरला गेला तेव्हा ती विधवा होती, असे अनुमान करतात. मासखमणाच्या पारण्याची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे, त्या वाचकांना तीस दिवसांच्या उपवासाचे मोल वेगळे सांगावयास नको. अर्थात नागनिका वैदिक यज्ञधर्माची निष्ठावान अनुयायी होती. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिक्पाल यांना वंदन आहे. तिला जैन ठरविण्याचा अट्टहास करण्याचे काहीच कारण नाही. मात्र उपवास व संयम हे त्या काळी या परिसरात अनेक पंथांचे सामायिक धन होते, एवढे निश्चित. याच पुणे जिल्ह्यात मावळातील पाले येथील लेण्यात अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे, आणि तोही साधारण याच युगातला मानला जातो.

लेखाचा मोठा भाग यज्ञ व दक्षिणा यांच्या हिशेबाने भरला आहे. दोन अश्वमेध, राजसूय व इतर अनेक यज्ञांची नोंद त्यात होते. कोठे १,७०० गायी व १० हत्ती, कोठे ११,००० गायी व १,००० घोडे, कोठे २४,४०० कार्षापण अशी दाने एकापाठोपाठ येतात. व्यापारी घरातील वाचकास एखाद्या जुन्या चोपडीची आठवण व्हावी, इतका तो चोख जमाखर्च आहे. जमेची बाजू तेवढी नाही! संख्या अंकांत कोरल्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या अतिप्राचीन नमुन्यांत नाणेघाटाचे स्थान अढळ झाले. १८८३ मध्ये ब्यूलर यांनी प्रसिद्ध केलेल्या पाठानंतर जगभरच्या गणिताच्या इतिहासकारांनाही या खिंडीची दखल घ्यावी लागली.

हे यज्ञ नेमके कोणी केले, यावर विद्वानांत एकमत नाही. एकट्या स्त्रीला श्रौत यज्ञाचा अधिकार शास्त्राने दिलेला नसल्यामुळे ते सातकर्णीच्या हयातीत, पतिपत्नींनी मिळून केले असावेत, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. पण ते मान्य केले तरी नागनिकेचे कर्तृत्व उणावत नाही. यज्ञ दोघांचे असले तरी पतीच्या पश्चात त्यांचा हिशेब राखला तो तिने. आणि तो राजवाड्यातील एखाद्या दालनात न ठेवता, राज्यातील अत्यंत वर्दळीच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सार्थवाहाच्या नजरेस पडेल अशा जागी कोरविला. राजा गेला तरी घराणे उभे आहे, खजिना उभा आहे आणि घाटावर सत्ता कोणाची आहे, हे सांगण्यास त्याहून योग्य जागा सापडली नसती.

तिची दृष्टी दालनाच्या मागील भिंतीवर अधिकच स्पष्ट होते. तेथे राजघराण्यातील व्यक्तींच्या उठावातील मूर्ती होत्या. प्रत्येकीच्या वर नाव कोरलेले होते. प्रथम घराण्याचा संस्थापक राजा सिमुक सातवाहन, त्यानंतर नागनिका व सातकर्णी, पुढे राजकुमार. राणी व राजा यांच्या नावांचा लेख एकत्र असून त्यात आधी नाव राणीचे आहे, मग राजाचे. त्याच रांगेत एका महारठीचीही मूर्ती होती. तो नागनिकेचा पिता असावा असे मानतात. सासरच्या पूर्वजांच्या पंक्तीत माहेरच्या पित्याला जागा मिळाल्याचे उदाहरण त्या काळात दुर्मीळच म्हणावे लागेल.

सातवाहन कुळात अशी आणखी एक माता पुढे होऊन गेली. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने पुत्राच्या निधनानंतर, नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेणे भिक्षूंना दान दिले. सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप आणि उपवास यांत रमलेली, अशी तिची ओळख तेथील लेखात आहे. नागनिकेच्या व्रतांशी तिचे नाते लगेच जाणवते. पैठणच्या ज्या सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीस केली असे श्वेतांबर परंपरा सांगते, तो राजाही याच कुळातला.

नागनिकेचा अंत केव्हा व कोठे झाला, हे इतिहासाला अज्ञात आहे. नाणेघाटातील भिंतींवरची अक्षरेही ठिकठिकाणी झिजली आहेत. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक तेथे पोहोचले तेव्हाच लेखाचा पुष्कळसा भाग नाहीसा झाला होता. मागील भिंतीवरील मूर्ती तर पूर्णपणे भंगल्या आहेत. पावसाळ्यात धुक्यातून वाट काढीत येणारे प्रवासी आडोशासाठी त्या दालनात शिरतात. समोरच्या भिंतीवर खाली पावलांच्या तेवढ्या खुणा दिसतात, मधला कातळ रिकामा आहे, आणि त्याच्या वर देवी नायनिकेचे नाव अजून वाचता येते.